दवाखान्याचा कारभारही शिकावा लागतो



बारावीचे निकाल लागले की आडसालीच्या लागणीची नोंद द्यायला आलेले सभासद गट ऑफिसात हमखास एक प्रश्न विचारतात. "साहेब, पोरानं सायन्स घेतलं होतं, पण नीटला मार्क कमी पडले. आता त्याला कुठं घालू?" आम्ही पडलो शेतकी पदविकेची माणसं. उसाच्या जातीबद्दल विचारलं तर लगेच सांगू. पोराच्या जातकुळीचं सांगणं अवघड. तरी या प्रश्नाला एक उत्तर आम्हांला सुचते. ते आपल्यापुढे ठेवावे, पटले तर घ्यावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

उत्तर असे : दवाखान्यात डॉक्टर आणि नर्स यांच्याखेरीज तिसरे एक शिकलेले माणूस लागते. तो दवाखान्याचा कारभार पाहणारा. हे काम शिकण्यासाठी बारावीनंतर तीन वर्षांचे पदवी शिक्षण मिळते. कुठे त्याला हॉस्पिटल मॅनेजमेंटची बीबीए म्हणतात, कुठे बॅचलर ऑफ हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशन. अनेक ठिकाणी कोणत्याही शाखेची बारावी चालते. विषय तसा नवा नव्हे. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाने १९३४ साली रुग्णालय प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेत याची मास्टर पदवी मिळते. पण आपल्या भागात अजून पुष्कळांना वाटते की दवाखाना डॉक्टर चालवतो, आणि बाकी काय, एक कारकून बिलाला बसवला की झालं!

आपल्याच कारखान्याकडे पाहा. साखर चीफ केमिस्टच्या देखरेखीखाली तयार होते हे खरे. पण लागणीची नोंद, तोडणीचा प्रोग्रॅम, टोळ्या, गाड्या, वजनकाटा, गाडीतळ, स्टोअर, हिशेब यांपैकी एक जरी गडबडले तरी ऊस फडात वाळतो आणि उतारा घसरतो. म्हणून चीफ केमिस्टला कुणी काट्यावर बसवत नाही. दवाखान्यात मात्र आपण नेमके तेच करतो. सर्जनने ऑपरेशन करायचे, मधल्या वेळेत ऑक्सिजनच्या गाडीची चौकशी करायची, सफाई ठेकेदाराशी वाद घालायचा आणि संध्याकाळी बिलावर सही करायची. सर्जनचे अर्धे लक्ष असे खर्ची पडले, तर ते रोग्याच्या वाट्यातूनच जाते.

या शिक्षणात काय शिकवतात, त्याचे दोन-तीन मासले सांगतो.

पहिला खाटांचा हिशेब. शंभर खाटांचा दवाखाना घ्या. तीस दिवसांत तीन हजार खाट-दिवस झाले. त्यांपैकी २,४०० दिवस खाटा भरलेल्या असतील तर वापर ८० टक्के. रोगी सरासरी सहा दिवस राहत असेल तर महिन्याला ४०० रोगी बरे होऊन जातात. आता तपासणीचे रिपोर्ट वेळेवर आले, घरी सोडण्याचे कागद सकाळीच तयार झाले आणि सरासरी पाच दिवसांवर आली, तर त्याच खाटांवर ४८० रोगी होतात. एकही नवी खाट न घेता ऐंशी जणांची सोय झाली! एकरी उतारा वाढवण्यासाठी आपण धडपडतो, हा त्यातलाच प्रकार. रोग्याला अर्धवट बरा करून घालवून देणे मात्र यात बसत नाही. तो परत आला तर सगळा हिशेब फसतो.

दुसरा स्टोअरचा. औषधांची दोन प्रकारे वर्गवारी करतात. एक किमतीवरून : थोड्याच वस्तूंवर बहुतेक पैसा जातो, त्यांच्यावर कडक नजर ठेवायची. दुसरी गरजेवरून : जीव वाचवणाऱ्या, आवश्यक, आणि असल्या तर बऱ्या. जीव वाचवणारी वस्तू दहा रुपयांची असली तरी ती संपता कामा नये. आपल्या स्टोअरवाल्यांना हे पटेल. भर हंगामात एका किरकोळ सुट्या भागापायी मिल उभी राहते, तेव्हा त्याची किंमत कुणी विचारत नाही. दवाखान्यात मिलच्या जागी माणूस असतो, एवढाच फरक.

तिसरा मासला कचऱ्याचा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी पिवळा, लाल, पांढरा व निळा असे चार रंग ठरवून दिले आहेत. कोणता कचरा कशात टाकायचा, तो किती तासांत हलवायचा, नोंद कशी ठेवायची, हे सगळे त्यात येते. वापरलेली सुई साध्या कचऱ्यात गेली तर ती पहिल्यांदा टोचते सफाई कामगाराला. तो बहुधा आपल्याच वाडी-वस्तीवरचा असतो.

ही कामे किरकोळ वाटत असतील त्यांनी २०२१ साल आठवावे. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळला, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रोगी दगावले. त्या दिवशी घात झाला तो औषधाने नव्हे. वायरिंग कोण तपासतो, आग लागली तर बाहेर काढायची वाट कोणती, टाकीचा व्हॉल्व्ह निकामी झाला तर पुढच्या पाच मिनिटांत कुणी काय करायचे, ही सारी कारभाराची बाजू. ती रोजच्या रोज पाहणारे, शिकलेले आणि जबाबदारीचे माणूस प्रत्येक दवाखान्यात हवे, हा धडा त्या वर्षाने महाग किंमत घेऊन दिला.

आणि कागदांचे काय? आमच्या माहितीतल्या एका सभासदाने आईला शहरातल्या एका दवाखान्यात नेले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तिचा आजार बसत होता. पण कोणता कागद लागतो, पूर्वपरवानगी कधी घ्यायची, हे त्याला कुणी धड सांगितले नाही. या खिडकीतून त्या खिडकीत तो दोन दिवस फिरला. तिसऱ्या दिवशी घाबरून त्याने हातउसने पैसे आणून भरले. म्हातारी बरी होऊन घरी आली, डॉक्टरांनी काही कसर ठेवली नाही. पण त्या उसनवारीत खोडव्याचे सगळे बिल गेले. पहिल्याच दिवशी भरतीच्या टेबलावर जाणते माणूस भेटले असते तर हे टळले असते. योजनेचे आरोग्यमित्र असतात, तरी दवाखान्याच्या आतले माणूस तयार नसेल तर गाडं अडतंच.

आता पालकांसाठी दोन कडू गोष्टी. हे शिक्षण घेऊन पोरगं डॉक्टर होत नाही. गळ्यात स्टेथोस्कोप येणार नाही, ही समजूत आधीच करून घ्यावी. नीट हुकली म्हणून सूड उगवल्यासारखे इकडे घालू नये. ज्याला हिशेबाची गोडी आहे, चार माणसांशी गोड बोलून काम करून घेता येते, रात्री-अपरात्री उठायची तयारी आहे, त्याने यावे. मुलींनी तर जरूर विचार करावा. बचतगटाचे हिशेब चोख ठेवणाऱ्या आमच्या भगिनींच्या लेकी यात मागे राहणार नाहीत. दुसरे असे की, सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि मोठ्या दवाखान्यांत वरच्या जागांसाठी मास्टर पदवी मागतात. तेव्हा पहिल्या पदवीसाठी रान गहाण टाकू नका.

कॉलेज निवडताना रंगीत माहितीपुस्तक बाजूला ठेवून चार प्रश्न विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची? नावात बीबीए असेल तर एआयसीटीईची मान्यता आहे का? (२०२४-२५ पासून बीबीए त्या परिषदेच्या कक्षेत आली आहे, आणि राज्यात त्यासाठी सीईटीही असते.) प्रत्यक्ष काम शिकायला कोणता दवाखाना, किती खाटांचा, किती महिने? आणि मागच्या वर्षीची पोरं आज कुठं कामाला आहेत? बेणं घेताना आपण कांडी मोडून पाहतो, डोळे बघतो. इथे तर पोराचं आयुष्य लावायचं आहे.

शेवटी आपल्या सर्वांच्या घरची गोष्ट. लोणीला प्रवरा, कराडला कृष्णा, ही रुग्णालये साखर सहकाराच्या परिसरातच वाढली. ठिकठिकाणी ट्रस्ट आहेत, सहकारी दवाखाने आहेत, आणि तिथे आपल्या माणसांचा शब्द चालतो. मग जागा भरताना काय होते? "अमक्याचा भाचा आहे, घ्या त्याला ऑफिसात." पाहुणा म्हणून घेतलेला माणूस वाईटच असतो असे आम्ही म्हणत नाही. पण वजनकाट्यावर शिकाऊ माणूस बसला तर आपण गेटवर आरडाओरडा करतो, मग जिथे आपल्या आईबापांना नेतो तिथे गप्प का बसावे? शिकलेल्या पोरांना जागाच मिळणार नसेल तर त्यांना शिका म्हणून तरी कोणत्या तोंडाने सांगायचे?

म्हणून आमची नम्र सूचना अशी. वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी दोन गोष्टी मांडाव्यात. पहिली, ज्या दवाखान्यांत आपल्या संस्थांचे प्रतिनिधी आहेत तिथे कारभाराच्या जागा जाहिरात देऊन, पात्रता पाहून भराव्यात. दुसरी, दरवर्षी सभासदांच्या घरातील एका मुलाला व एका मुलीला या शिक्षणासाठी मदत द्यावी, आणि त्यांनी पदवीनंतर दोन वर्षे आपल्या भागातल्या दवाखान्यात काम करावे. यासाठी ऊस बिलातून नवी कपात नको; आहे त्या शिक्षणाच्या तरतुदीत हे बसते का ते संचालक मंडळाने पाहावे.

पटले तर सभेत हात वर करा. नाही पटले तर गट ऑफिसात येऊन आमच्याशी भांडा. लागणीची नोंद तर द्यायचीच आहे!