पहिल्या मृत्यूनंतरच कुलूप लागायला हवे होते

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत महाराजा यशवंतराव रुग्णालयाला सगळे 'एम.वाय.'च म्हणतात. होळकरांच्या नावाचे हे रुग्णालय आपल्याला परके नाही. म्हणूनच मे २०१६ मध्ये तिथे जे घडले ते विसरून चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांसाठी नव्याने सुरू झालेल्या शस्त्रक्रियागृहात एका दिवसाच्या अंतराने दोन लहान मुले दगावली. ऑक्सिजनच्या नळीतून नायट्रस ऑक्साइड येत होता. हा वायू भूल देताना ऑक्सिजनमध्ये मिसळून वापरतात. नुसताच दिला तर रुग्ण गुदमरतो. दोन्ही वायू डोळ्यांना दिसत नाहीत. भिंतीवरच्या जोडण्यांना वेगवेगळे रंग आणि वेगवेगळे साचे असतात, पण भिंतीमागेच नळ्यांची अदलाबदल झाली तर त्या रंगांचा उपयोग काय?

मी बँकेतला कारकून, वैद्यकशास्त्र शिकलेला नाही. पण आमच्याकडे व्हाउचर लिहिणारा तेच व्हाउचर पास करीत नाही आणि तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असतात. यात कोणाचा अपमान नसतो. संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर कारण सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. पहिले मूल गेले तेव्हाच हिशेब जुळत नव्हता. त्याच क्षणी त्या खोलीला कुलूप लावून कारण शोधले असते, तर दुसरे मूल वाचले असते.

'सरकारी कारभार असाच' असे म्हणून सोडून देऊ नका. त्याच वर्षी सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकोम रुग्णालयात हीच चूक उघडकीस आली. २०१५ साली बसवलेल्या ऑक्सिजनच्या जोडणीतून नायट्रस ऑक्साइड येत होता. एक नवजात बालक दगावले, दुसऱ्याच्या मेंदूला इजा झाली. तपासणीच्या कागदावर मात्र सह्या होत्या. तेव्हा प्रश्न पैशाचा कमी आणि सही करण्याआधी खरोखर तपासण्याचा जास्त आहे.

वैद्यकीय संशोधन म्हटले की आपल्याला नवी औषधे आठवतात. चुका मोजणे हेही संशोधनच आहे. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या संस्थांनी देशभरातील सरकारी रुग्णालयांतून वर्षभर श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची माहिती गोळा केली आणि २०११ साली अहवाल छापला. अतिदक्षता विभागातील अनेक मृत्यूंमागे एक साधे कारण निघाले: श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र वापरलेच नव्हते. नळी श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत, हे ते यंत्र लगेच सांगते. डॉक्टरांची नावे जाहीर होणार नव्हती, म्हणून माहिती मोकळेपणाने मिळाली. आपल्याकडे दुर्घटना झाली की एखाद्याला निलंबित करतात आणि विषय संपतो. मग पुढच्या वेळी खरे कोण सांगेल?

आपल्या मंडळाने पुढील तीन मागण्यांचे निवेदन वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना व आमदारांना द्यावे, अशी माझी सूचना आहे.

१. वायूच्या पाइपलाइनचे नवे काम किंवा दुरुस्ती झाल्यावर, ठेकेदाराशी संबंध नसलेल्या व्यक्तीने प्रत्येक जोडणीतील वायू यंत्राने मोजावा. वरिष्ठ भूलतज्ज्ञाच्या सहीशिवाय पहिला रुग्ण आत नेऊ नये.

२. भूल देण्याच्या प्रत्येक यंत्रावर ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारा मापक चालू स्थितीत असावा. शंका आली तर राखीव सिलिंडर उघडून भिंतीकडची नळी काढायची, याचा सराव सर्वांना असावा. नळी तशीच राहिली तर तिच्या जास्त दाबामुळे तोच वायू येत राहतो.

३. भूल दिलेल्या रुग्णाचा अनपेक्षित मृत्यू झाल्यास कारण सापडेपर्यंत ते शस्त्रक्रियागृह बंद ठेवावे. अशा चौकश्यांचे निष्कर्ष, नावे वगळून, दरवर्षी प्रसिद्ध करावेत.

शाळेसाठी, सभागृहासाठी, चौकांच्या नावांसाठी आपण निवेदने दिली, पाठपुरावाही केला. हे निवेदन त्यांच्याइतकेच आपले आहे. वॉर्डात मते मागायला येणाऱ्यांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, एवढेच विचारा: एम.वाय.मधल्या नळ्या शेवटच्या कोणी तपासल्या, आणि कधी?