परदेशी स्टडी टूर: पैसे भरण्याआधी विचारा, मुलं राहणार कुठे आणि पाहणार काय?

हिवाळा जवळ आला की आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रंगीत पीडीएफ फिरू लागते. 'इंटरनॅशनल स्टडी टूर, ५ रात्री ६ दिवस'. वर बुर्ज खलिफाचा नाहीतर सिंगापूरच्या सिंहाचा फोटो, खाली 'जागा मर्यादित'. मग घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो: पैसे किती?

माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की मुलं राहणार कुठे आणि पाहणार काय? या दोन गोष्टी 'सोयी-सुविधा' म्हणून पीडीएफच्या शेवटच्या पानावर ढकलल्या जातात. पण सहल अभ्यासाची होणार की नुसती फिरण्याची, हे तिथेच ठरतं. हे मी एका चुकलेल्या सहलीवरून सांगतोय.

माझी दुबई, जी शारजात होती

२०१८ च्या फेब्रुवारीत मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजने दुबईची इंडस्ट्रियल व्हिजिट काढली. वडिलांनी उसाच्या पहिल्या उचलीतून ६५ हजार बाजूला काढून दिले. राहुरीहून रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तिथून विमान. घरातला परदेशात जाणारा मी पहिलाच.

उतरल्यावर कळलं की हॉटेल दुबईत नाही, शेजारच्या शारजात आहे. पीडीएफमध्ये दुबईतल्या एका हॉटेलचं नाव होतं आणि त्यापुढे बारीक अक्षरांत दोन शब्द: 'किंवा तत्सम'. त्या दोन शब्दांनी आम्हाला दुसऱ्या अमिरातीत नेऊन ठेवलं.

शारजातली खोली स्वस्त मिळते, म्हणून हजारो नोकरदारही तिथे राहतात आणि रोज सकाळी दुबईकडे निघतात. आमची बसही त्याच गर्दीत. कारखान्याची भेट जेबेल अलीला, म्हणजे दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला, हॉटेलपासून साधारण ५५-६० किलोमीटरवर. साडेआठला निघालो आणि पोहोचलो तेव्हा आमची ठरलेली वेळ टळून गेली होती. तिथल्या इंजिनिअरने तरी चांगुलपणाने चाळीस मिनिटं दिली. सहा दिवसांत 'इंडस्ट्रियल' म्हणावं असं तेवढंच. परत आल्यावर त्या चाळीस मिनिटांवर आम्ही वीस पानांचा रिपोर्ट लिहिला.

त्या टूर कंपनीचं किंवा कॉलेजचं नाव इथे महत्त्वाचं नाही. पीडीएफ आजही तशाच निघतात.

हॉटेलचा हिशेब तासांत करा

गणित सोपं आहे. ५ रात्री ६ दिवसांच्या सहलीत पहिला आणि शेवटचा दिवस विमानतळातच जातो. उरतात ४ दिवस. हॉटेल शहराबाहेर असेल आणि जायला दीड तास, यायला दीड तास लागत असेल, तर ४ दिवसांत १२ तास बसमध्ये गेले. म्हणजे कामाचा एक अख्खा दिवस आणि वर थोडं. खोलीमागे वाचवलेले पैसे मुलांच्या वेळेतून वसूल झाले.

राहण्याबाबत आणखी काही गोष्टी आधी कुणी सांगत नाही. 'ट्रिपल शेअरिंग' म्हणजे बहुतेक वेळा दोघांच्या खोलीत तिसरी घडीची खाट. दुबईत हॉटेलच्या दर्जाप्रमाणे प्रत्येक खोलीमागे दर रात्री 'टूरिझम दिरहम' नावाचं शुल्क लागतं. ते पॅकेजमध्ये धरलेलं नसेल तर काउंटरवर मुलांच्या खिशातून जातं. अनेक हॉटेलं अनामतही मागतात. घरून मोजके पैसे घेऊन निघालेल्या मुलाचा खर्चाचा हिशेब पहिल्याच रात्री कोलमडतो.

शाळा-कॉलेजच्या सहलीत राहायचं कुठे, हा प्रश्न जुनाच आहे. जर्मनीतल्या रिशार्ड शिरमान नावाच्या शिक्षकाची शाळकरी मुलं १९०९ मध्ये पायी सहलीवर असताना वादळी पावसात सापडली आणि त्यांना एका शाळेत रात्र काढावी लागली. मुलांसाठी साध्या, स्वस्त निवासांची साखळी असावी ही कल्पना त्याला तिथे सुचली. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात यूथ होस्टेल सुरू झालं आणि पुढे ही चळवळ जगभर पसरली. भारतातही यूथ होस्टेल्स असोसिएशन आहे. परदेशातली यूथ होस्टेलं आणि सुटीत रिकामी होणारी विद्यापीठांची वसतिगृहं हे पर्याय आपल्या पीडीएफमध्ये क्वचितच दिसतात.

साइटसीइंग वाईट नाही, विषयाशी तुटलेलं साइटसीइंग वाईट

'अभ्यासाच्या नावाखाली मजा' अशी टीका नेहमी होते. मला ती अर्धीच पटते. वीस वर्षांच्या मुलाने परदेशात जाऊन फक्त कारखाने पाहावेत, असं कुणी म्हणू नये. बघायची ठिकाणं हवीतच. प्रश्न एवढाच की ती काय म्हणून दाखवली जातात.

बुर्ज खलिफाचंच घ्या. उंची ८२८ मीटर. आम्ही वर गेलो, फोटो काढले, उतरलो. एवढ्या मोठ्या इमारतीच्या एसी यंत्रणेतून जे पाणी सुटतं, ते गोळा करून तिथल्या बागांना दिलं जातं, हे मला नंतर वाचून कळलं. दुष्काळी भागातली पन्नास मुलं त्या इमारतीत उभी होती आणि पाण्याची गोष्ट कुणी सांगितली नाही. तिकीट तेच, लिफ्ट तीच. सोबत दहा मिनिटं माहिती देणारा माणूस हवा होता.

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्याला जास्त जवळचं आहे. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, स्थापना १९६८. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पात तिथे हवामान-स्मार्ट शेती आणि पाणी व्यवस्थापनाचं केंद्र उभं राहिलं. या प्रकल्पातून विद्यार्थी परदेशी संस्थांत प्रशिक्षणाला गेले. त्यांतली एक थायलंडची एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एआयटी.

एआयटीचा कॅम्पस बँकॉकपासून सुमारे ४० किलोमीटर उत्तरेला, पथुम थानी प्रांतात आहे. 'बँकॉक' ऐकून गेलेल्या मुलाला ही जागा आडबाजूची वाटेल. पण आसपास काय आहे ते पाहा. त्याच तालुक्यात तलाद थाई हा प्रचंड घाऊक शेतमाल बाजार आहे. जवळच शेतीचं मोठं संग्रहालय आहे. रांगसितचे कालवे आहेत, जे १८९० च्या दशकात भातशेतीसाठी खोदायला घेतले. उत्तरेला अयुथ्या, तीन नद्यांनी वेढलेली जुनी राजधानी आणि १९९१ पासून जागतिक वारसास्थळ. २०११ च्या महापुरात खुद्द एआयटीचा कॅम्पस पाण्याखाली गेला होता.

पाणी शिकायला आलेल्या मुलाला यापेक्षा चांगलं 'साइटसीइंग' काय असणार? बाजार, कालवे, पुराच्या खुणा आणि एक प्राचीन शहर, सगळं राहण्याच्या जागेपासून जवळ. आणि एखाद्या संध्याकाळी बँकॉकला जाऊन मजाही करता येते.

म्हणजे शहराबाहेर राहणं मुळात चूक नाही. शारजात आम्ही स्वस्त म्हणून राहिलो होतो. एआयटीत राहणारा विद्यार्थी अभ्यासाच्या जागेवरच राहतो.

जग आपल्याकडे येतं, तेव्हा कसं राहतं?

हे समजायला परदेशात जायचीही गरज नाही. अभ्याससहली आपल्या जिल्ह्यात येतात, त्यातही परदेशी पाहुणे असतात. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी बघायला लोक वर्षानुवर्षं येत आहेत. हिवरे बाजारात कुणी पाहुण्यांना 'फोटो पॉइंट' दाखवत नाही. ते बांधबंदिस्ती पाहत डोंगर चढतात, गाव पाण्याचा ताळेबंद कसा मांडतं आणि त्यावरून पिकं कशी ठरवतं ते ऐकतात. संगमनेर तालुक्यात दरेवाडीला वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टचं निवासी प्रशिक्षण केंद्र आहे. पाणलोटाचं काम शिकायला आलेला माणूस पाणलोटाच्या कामातच मुक्काम करतो.

बाहेरचे लोक आपल्याकडे असं शिकतात आणि आपण मुलांना बाहेर पाठवताना मॉल दाखवून आणतो.

निवडीचा मुद्दाही आहेच

शेजारच्या पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये वेगळा रस्ता दाखवला. आयुकाच्या मदतीने परीक्षा घेऊन जिल्हा परिषद शाळांतले २५ विद्यार्थी निवडले आणि त्यांना 'नासा' पाहायला अमेरिकेत पाठवलं. खर्च सरकारी, निवड गुणवत्तेवर, कार्यक्रमाच्या मध्यभागी विज्ञान. प्रत्येक कॉलेजला हे जमणार नाही, मान्य. पण आपल्याकडच्या सहलींत 'ज्याच्या घरी पैसे तो जाणार' एवढाच निकष असतो. ज्या मुलीच्या वडिलांना ६५ हजार जमले नाहीत तिला प्रोजेक्टच्या गुणांत फटका बसता कामा नये. सहल ऐच्छिक आहे आणि गुणांशी जोडलेली नाही, हे कॉलेजने लेखी द्यावं.

पैसे भरण्याआधी हे लेखी मागा

१. हॉटेलचं नाव आणि पूर्ण पत्ता. 'किंवा तत्सम' असेल तर 'त्याच भागात' हे शब्द जोडून घ्या. पत्ता फोनवरच्या नकाशात टाका आणि सकाळी ८ वाजता अभ्यासाच्या ठिकाणी पोहोचायला किती वेळ लागतो ते स्वतः पाहा.

२. एका खोलीत किती जण आणि खाटा किती. मुलींच्या खोल्या एकाच मजल्यावर आहेत का, त्याच मजल्यावर शिक्षिका आहेत का.

३. काउंटरवर भरायचे पैसे: शहराचा कर, अनामत, टिप.

४. अभ्यासभेटीचं पत्र. ज्या संस्थेला भेट द्यायची तिने वेळ दिल्याचा ईमेल दाखवा म्हणा. 'भेट संभवनीय' याचा अर्थ भेट ठरलेली नाही.

५. प्रत्येक प्रेक्षणीय स्थळापुढे एक ओळ: आपल्या विषयाशी याचा संबंध काय आणि माहिती कोण देणार. संबंध नसेल तर 'मनोरंजन' असं सरळ लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

६. प्रवास विमा आणि आजारपणात कोणत्या दवाखान्यात नेणार.

७. टीसीएस. परदेशी टूर पॅकेजवर विक्रेता हा कर घेतो. तो ज्याच्या पॅनवर जमा होतो त्याला आयकर विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो. सगळ्या मुलांचे पैसे एकत्र भरले जाणार असतील, तर कर कुणाच्या पॅनवर पडणार ते विचारा. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून अनेक शेतकरी पालक विवरणपत्र भरतच नाहीत. ते न भरल्यास ही रक्कम परत येत नाही.

हे सगळं विचारणारा पालक कटकट्या ठरतो. ठरू द्या. दहा पालकांनी एकदम विचारलं तर पुढच्या वर्षीची पीडीएफ बदलेल. टूर कंपन्या मागेल तसा माल बनवतात. आजवर आपण फक्त 'स्वस्तात' मागितलं, म्हणून स्वस्तातलं मिळालं.

राहून गेलेला प्रश्न

शारजातल्या हॉटेलखाली एक छोटं सुपरमार्केट होतं. तिसऱ्या रात्री पाणी घ्यायला गेलो तर एका जाळीत कांदे दिसले, वर पाटी: 'इंडिया'. मी हात लावून पाहिला. तसाच आपला गावरान वाटला. फोटो काढला आणि वर आलो. दुबईत रास अल खोरला फळ-भाज्यांचा मोठा घाऊक बाजार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं. आपल्याकडचा कांदा आणि डाळिंब आखातात जातं, मग ते उतरतं कुठे, विकतं कोण, हे विचारायचं कुणाला सुचलंही नाही. शेतकऱ्यांच्या मुलांनी भरलेल्या बसच्या कार्यक्रमात बाजार नव्हता. डेझर्ट सफारी होती.

घरी आल्यावर वडिलांना फोटो दाखवले. बुर्ज खलिफा त्यांनी बोटाने पुढे सरकवला. कांद्याच्या फोटोवर थांबले. म्हणाले, "भाव काय होता? गोणी किती किलोची? आपल्याकडून कुठून गेला?"

६५ हजार खर्चून मी सहा दिवस परदेशात राहून आलो होतो. तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.