मान खाली घातली की अंधार

परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. गावी वीज गेलेली, दादाचा लॅपटॉप बॅटरीवर चाललेला. पडद्यावर एक समीक्षालेख उघडून मी वहीत टिपणे काढीत होते. दोन ओळी लिहून होतात न होतात तोच पडदा काळा! मान वर केली तरी काळाच. कळ दाबली, तेव्हा कुठे उजेड.

दादा संगणकाचा विद्यार्थी. हा त्याच्याच प्रोग्रामचा प्रताप. लॅपटॉपमध्ये वीज खाणाऱ्यांत पडदा पुढे. म्हणून कॅमेऱ्याने दर थोड्या वेळाने समोर पाहायचे आणि चेहरा नसला तर पडदा मालवायचा. चेहरा हुडकण्याची ही रीत पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी २००१ साली मांडली. डोळ्यांचा पट्टा गालांहून काळसर, नाकाचा दांडा डोळ्यांहून उजळ, अशा छायाप्रकाशाच्या खुणा यंत्र तपासत जाते. मात्र चेहरा समोरून दिसायला हवा. लिहायला वाकलेल्या माणसाचे त्याला नुसते केस दिसतात! शिवाय अंधाऱ्या खोलीत माझ्या तोंडावर उजेड होता तो पडद्याचाच. तो विझल्यावर मी वर पाहून काय उपयोग?

बचतीला माझा विरोध नाही. आमची आजीसुद्धा कंदिलाची वात बारीक केल्याशिवाय उठत नसे. पण नात डोळे मिटून विचार करते आहे की पेंगते आहे, हे तिला कळत असे. यंत्राला चेहरा कळतो, वाचन कळत नाही. आणि ‘ही इथे नाही’ असा निकाल मात्र ते बेधडक देते. चेहराही सर्वांचा कळतो असे नाही. अमेरिकेत एमआयटीत शिकत असताना कृष्णवर्णीय जॉय बुओलाम्विनीचा चेहरा अशा एका प्रणालीला सापडेना. तिने पांढरा मुखवटा चढवला, तेव्हा तो लगेच सापडला! त्यापुढे माझे दुखणे किरकोळच. पण उद्या याच डोळ्याने कोणी वर्गात हजेरी घ्यायची म्हटले, तर खाली मान घालून लिहिणाऱ्यांचे काय व्हायचे?

दादाला हे सांगितले. तो म्हणाला, “मग वहीत कशाला लिहितेस? इथेच टाईप कर.” म्हणजे सवय मीच बदलायची! बरीच वादावादी झाली. अखेर त्याने एक कळ नेमून दिली. ती दाबली की कॅमेरा बंद, पडदा चालू. बॅटरी थोडी लवकर संपते. संपू दे.