गाडी स्लो असेल, तर हिशेब पक्का हवा

रविवार, रात्री साडेनऊ. बारा जण, बारा घरं आणि एकच ऑनलाइन लॉबी. कुणी पुण्यात कॉट बेसिसच्या रूमवर, कुणी नाशिकला घरच्या हॉलमध्ये, आईची मालिका संपून टीव्ही मोकळा व्हायची वाट बघत. 'ग्रॅन टुरिस्मो ७'ची ही मित्रामित्रांतली लीग. आठ रेस, ग्रुप ३ च्या गाड्या आणि एकच कडक नियम: सीझनच्या सुरुवातीला जी गाडी घ्याल, तीच शेवटपर्यंत चालवायची. मध्ये बदल नाही.

पहिल्या रविवारी ग्रिड लागली तेव्हा बारापैकी आठ गाड्या एकाच मॉडेलच्या होत्या. त्या गाडीची तेव्हा चलती होती. गेमर्सच्या भाषेत ती 'मेटा' होती. त्या आठांत एक गाडी आमचीही होती, हे आधीच कबूल करून टाकतो. आणि अकराव्या जागेवर एकटीच उभी होती एक निळी सुबारू. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलानं ती निवडली होती. प्रॅक्टिसमध्ये ती मेटा गाडीपेक्षा लॅपला साधारण चार दशांश सेकंद मागे पडत होती. चॅटवर लगेच सुरू झालं. "भाऊ, भंगारवाला बाहेर आलाय, देऊन टाक." "ही गाडी भारतात विकतसुद्धा नाहीत रे!" तो एवढंच म्हणाला, "बघू."

अशा वेळी आपलं मन आपोआप त्या एकट्या गाडीकडे झुकतं. दुबळ्यानं बलवानाला हरवावं, असं आपल्याला आतून वाटत असतं. सिनेमे त्यावर चालतात, क्रिकेटच्या गप्पा त्यावर रंगतात. पण स्लो गाडी घेऊन स्पर्धेत उतरणं ही हिंमत असते की नुसतीच हौस? आमच्या मते, ते तुम्ही ती गाडी कशासाठी घेतली यावर ठरतं. आणि बहुतेक वेळा या प्रश्नाचं उत्तर आपण स्वतःला प्रामाणिकपणे देत नाही.

लहानपणी ऐकलेली ससा-कासवाची गोष्ट इथे कामाची नाही. त्या गोष्टीत ससा झोपतो म्हणून कासव जिंकतं. रेसिंग गेमच्या चॅम्पियनशिपमध्ये कुठलाच ससा झोपत नाही. समोरच्यानंही आठवडाभर रात्री जागून तोच ट्रॅक दोनशे वेळा फिरलेला असतो. त्यामुळे "जिद्द असली की जमतं" हे वाक्य इथे फार लांब नेत नाही. जिद्द त्याच्याकडेही आहे, आणि वर चार दशांश सेकंदांची गाडी आहे.

मग स्लो गाडी जिंकते कधी? तर ती जिथे स्लो नाही, अशी जागा सापडते तेव्हा.

ग्रॅन टुरिस्मोमध्ये 'बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स' नावाची गोष्ट असते. एकाच ग्रुपमधल्या वेगवेगळ्या गाड्यांची ताकद आणि वजन गेम बनवणारे कमी-जास्त करतात, म्हणजे सगळ्या साधारण एका पातळीवर येतात. पण साधारणच. लांब सरळ रस्त्याच्या ट्रॅकवर जिचा टॉप स्पीड जास्त ती पुढे जाते, वळणावळणाच्या ट्रॅकवर हलकी गाडी चमकते. इंजिन मध्यभागी असलेली गाडी कोपऱ्यात चटकन वळते, पण लांबच्या रेसमध्ये मागचे टायर संपत आले की तीच अंगावर येते. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये पुढचीच चाकं वळवतात आणि तीच ओढतात, म्हणून आधी तीच झिजतात. फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या रस्त्यावर थोडी जड वाटेल, पण पाऊस पडला की तिच्यासारखा आधार नाही. लॅपटाइमचा एक आकडा यातलं काहीच सांगत नाही. तो फक्त ताजे टायर आणि कमी पेट्रोल असताना, एकट्यानं मारलेल्या एका लॅपचा आकडा असतो.

आता साधा हिशेब करू. २५ लॅपची रेस आहे. तुमची गाडी लॅपला ०.४ सेकंद स्लो आहे. म्हणजे शेवटी तुम्ही १० सेकंद मागे. पण समजा टायर आणि पेट्रोल जपत तुम्ही एका पिट स्टॉपमध्ये रेस काढलीत आणि वेगवान गाडीला दोन लागले. पिट लेनमधला वेळ धरून एका स्टॉपला २५ सेकंद जात असतील, तर १० सेकंदांनी मागे असलेली गाडी १५ सेकंदांनी पुढे निघते. त्यासाठी गिअर थोडा लवकर टाकायचा, वळणाआधी अ‍ॅक्सिलरेटर जरा आधी सोडायचा, सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीच्या मागे, स्लिपस्ट्रीममध्ये राहून पेट्रोल वाचवायचं. हे टीव्हीवर दिसत नाही, रील तर अजिबात होत नाही. पण रेस इथे फिरते.

हा नुसता गेममधला प्रकार नाही. १९९१ ची 'ले मान्स' ही २४ तासांची रेस आठवा. माझदाची ७८७बी ही रोटरी इंजिनची, हिरव्या-नारिंगी रंगांची गाडी ५५ नंबर घेऊन १९ व्या जागेवरून निघाली. समोर मर्सिडीज आणि जॅग्वारसारखे दादा लोक. पण माझदाच्या माणसांनी रेसच्या आधीच एक लढाई जिंकली होती, तीही नियमांच्या टेबलावर. त्यांच्या गाडीला ८३० किलो वजनाची परवानगी मिळाली होती, त्या दादा गाड्यांना मात्र १००० किलो वजन बंधनकारक होतं. इंधनावर मर्यादा असलेल्या रेसमध्ये १७० किलो कमी ओढणं म्हणजे केवढा फायदा! पेट्रोल, टायर, ब्रेक, सगळ्यावरच ताण कमी. शेवटच्या काही तासांत पुढे असलेली मर्सिडीज बिघडली आणि माझदा ३६२ लॅप पूर्ण करून जिंकली. ले मान्स जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी. नशीब होतंच. पण नशीब उजाडेपर्यंत तिथे टिकून राहणारी गाडी त्यांनी आणली होती. म्हणूनच आजही गेममध्ये ती गाडी मिळाली की पोरं आधी तिचा आवाज ऐकत बसतात.

ग्रॅन टुरिस्मोच्या जागतिक स्पर्धेतही असं एक उदाहरण आहे. तिथल्या मॅन्युफॅक्चरर सीरिजमध्ये खेळाडूला एका कंपनीशी करार करून त्याच कंपनीकडून खेळावं लागतं. पोर्श, मर्सिडीज, फेरारी अशी वजनदार नावं यादीत असताना २०२० मध्ये ही सीरिज जिंकली सुबारूनं. जीटी३ नियमांत बसणारी खरी गाडी ही कंपनी बनवतच नाही. गेममधली तिची ग्रुप ३ ची गाडी मुळात गेमसाठी घडवलेली. त्या टीममधल्या जपानच्या ताकुमा मियाझोनोनं त्याच वर्षी देशांमधली नेशन्स कप ही स्पर्धाही जिंकली. म्हणजे माणूस किती तयारीचा होता ते कळतं. बॉनेटवरचं नाव बघून निकाल लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण आता नाण्याची दुसरी बाजू. ती जरा टोचणारी आहे.

आमच्या लीगमधला तो सुबारूवाला पहिल्या तीन रेसमध्ये नववा, दहावा आणि पुन्हा नववा आला. दर वेळी चॅटवर त्याचं एकच वाक्य: "गाडीच स्लो आहे यार." तिसऱ्या रेसनंतर एका सीनियर मुलीनं त्याला सांगितलं, "थांब, तुझी गाडी घेऊन मी एक लॅप मारते." तीच सुबारू, तोच ट्रॅक, तेच टायर. ती त्याच्यापेक्षा १.२ सेकंद वेगात आली.

चॅट एकदम शांत.

गणित सरळ होतं. गाडीमुळे जात होते चार दशांश सेकंद. त्याच्यामुळे जात होते बारा दशांश. तो स्वतःच नंतर म्हणाला, "खरं सांगू का, मी ही गाडी घेतली कारण हरलो तरी कुणी मला बोलणार नव्हतं. आणि चुकून जिंकलो असतो तर डबल भाव खाल्ला असता."

इतकं खरं बोलायला धाडस लागतं. आणि हे फक्त त्याच्यापुरतं नाही. दुबळी बाजू घेण्यात एक सुरक्षित कोपरा असतो. हरलो तर साधनं कमी होती, जिंकलो तर मी ग्रेट. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडून "अभ्यासच केला नव्हता रे" म्हणणारे आपण सगळे हा कोपरा ओळखतो. तिथे बसणाऱ्याला स्वतःची खरी पातळी कधीच कळत नाही, आणि ती कळू नये म्हणूनच तर तो तिथे बसलेला असतो.

वेगवान गाडी घेणारेही सुटत नाहीत, बरं का. आम्ही मेटा गाडी घेतली, कारण सगळ्यांनी घेतली. ती कुठे चांगली आणि कुठे वाईट, हे एकदाही तपासलं नाही. तिसऱ्या चौथ्या लॅपनंतर मागचे टायर घसरायला लागले की आम्ही कंट्रोलरला शिव्या घालत होतो. सीझन संपला तेव्हा आठ सारख्या गाड्यांतली आमची गाडी सातवी होती. म्हणजे गर्दी बघून केलेली निवड आणि गर्दीला दाखवायला केलेली निवड, दोन्हींत डोकं सारखंच कमी वापरलेलं असतं. कॉलेजची ब्रँच निवडताना, क्लास लावताना हे दोन्ही प्रकार तुम्ही आजूबाजूला पाहिलेच असतील.

म्हणून वेगळी गाडी घ्यायचीच असेल, तर आधी तीन गोष्टी करा. पहिली, मेटा गाडी घेऊन त्याच ट्रॅकवर पन्नास लॅप मारा. तिच्यात तुम्ही किती वेगवान आहात ते कळल्याशिवाय तुमच्या गाडीला दोष देण्याचा हक्क तुम्हाला नाही. दुसरी, तुमची गाडी नेमकं काय चांगलं करते ते एका वाक्यात लिहा: टायर जपते, पेट्रोल कमी खाते, पावसात धरून राहते, काहीही. वाक्य सुचलंच नाही, तर ती गाडी चॅम्पियनशिपला नेऊ नका, संध्याकाळी मजेसाठी चालवा. त्यात कमीपणा नाही. तिसरी, सगळ्या रेसची यादी पाहून ते वाक्य किती ट्रॅकवर खरं ठरेल ते मोजा.

आणि एक पथ्य. गाडी स्लो आहे म्हणून सरळ रस्त्यावर नागमोडी चालवून मागच्याला अडवणं, वळणावर त्याच्या दारात घुसणं, याला लढत म्हणत नाहीत. गेममध्ये खिलाडूपणाचं वेगळं रेटिंग उगाच ठेवलेलं नाही. आपण दुबळे आहोत म्हणून आपल्याला सगळं माफ, हा हिशेब ट्रॅकवरही चालत नाही.

"गेम खेळून होणार काय?" हा प्रश्न घरी येणारच. त्यावर लुकास ऑर्डोनेझचं नाव सांगण्याचा मोह होतो. हा स्पेनचा एमबीएचा विद्यार्थी. २००८ मध्ये ग्रॅन टुरिस्मोतूनच निघालेली 'जीटी अ‍ॅकॅडमी' जिंकला आणि २०११ मध्ये खऱ्या ले मान्समध्ये आपल्या गटात दुसरा आला. पण ती अ‍ॅकॅडमी आता बंद झाली आहे, आणि एका लुकासमागे न निवडले गेलेले हजारो होते. त्यामुळे आईबाबांना ते स्वप्न विकू नका. गेमनं तुम्हाला हरल्यावर स्वतःचा रिप्ले न लाजता बघायला शिकवलं, तरी त्या रविवारच्या रात्री फुकट गेल्या नाहीत.

सुबारूवाल्यानं तेच केलं. चौथ्या रेसपासून त्याचं "गाडीच स्लो आहे" बंद झालं. त्या सीनियर मुलीचा रिप्ले समोर ठेवून तो एकेक वळण तपासत बसला. ब्रेक कुठे उशिरा, अ‍ॅक्सिलरेटर कुठे लवकर. सहावी रेस बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर होती आणि हवामान बदलतं ठेवलं होतं. तो आठवडाभर ओल्या रस्त्यावरच फिरत राहिला. रेसच्या मध्यावर पाऊस आला. आमच्यासकट पाच मेटा गाड्या दोन लॅपमध्ये गवतात गेल्या. निळी सुबारू शांतपणे बाजूनं निघून गेली आणि दुसरी आली. पहिली आली ती सीनियर मुलगी, मेटा गाडीतच. सीझनअखेर तो पाचवा होता. ट्रॉफी वगैरे काही नाही.

नव्या सीझनसाठी परवा ग्रुपवर मेसेज पडला, "कोण कुठली गाडी घेणार?" दहा मिनिटांत सात जणांनी एकाच गाडीचं नाव टाकलं. त्याचा मेसेज सगळ्यात शेवटी आला.

"आधी ट्रॅकची यादी टाका. मग सांगतो."