हुद्दा वाढला, मोबदला बुडाला

आठवड्याच्या ४० तासांपुढील कामास दीडपट वेतन, हा अमेरिकेच्या १९३८ च्या श्रममान कायद्याचा गाभा. व्यवस्थापक मात्र त्यातून वगळलेले. दुकानांच्या मालकवर्गाने ही फट अचूक हेरली. माल रचणाऱ्या, गल्ला सांभाळणाऱ्या नोकरास 'सहायक व्यवस्थापक' म्हटले की जादा तास फुकट! (आपल्याकडे असता तर वर पेढेही त्यानेच वाटले असते.) कामाचे स्वरूप पाहावे असे कायदा म्हणतो, पण ते सिद्ध करणे नोकराच्या आवाक्यातले नसते. खरी भिंत पगाराच्या किमान मर्यादेची. २०१६ साली ती आठवड्याला ९१३ डॉलरवर नेण्याचे ठरले. टेक्सासमधील न्यायालयाने अडविले. २०२४ चा नियमही तेथेच रद्द होऊन मर्यादा पुन्हा ६८४ डॉलरवर आली. श्रमखात्यास एवढा अधिकार नाही, हा न्यायालयाचा युक्तिवाद. तर मग तो आकडा संसदेनेच मूळ कायद्यात घालावा, आणि महागाईबरोबर वाढता ठेवावा.