संशोधनपत्रिका : न्यास की दुकान?

गोमंतकातील देवालयांत कौल घेण्याची चाल वाचकांना सांगावयास नको. मूर्तीला पाकळ्या लावल्या जातात, गाऱ्हाणे घातले जाते, आणि उजवी पाकळी आधी पडते की डावी इकडे साऱ्यांचे डोळे लागतात. कौल मनासारखा मिळो अथवा न मिळो, दक्षिणा वाढविली असती तर पाकळी उजवी पडली असती, असे कोणी म्हणत नाही. ज्या दिवशी तसे म्हणावयाची पाळी येईल त्या दिवशी पाकळ्या उरतील, कौल उरणार नाही.

वैद्यकशास्त्रातही असाच एक कौल असतो. त्याला तज्ज्ञ-परीक्षण म्हणतात. अमुक रोगावर अमुक औषध गुणकारी आहे असे लिहून एखाद्या डॉक्टराने संशोधनपत्रिकेकडे निबंध पाठविला, की संपादक तो प्रथम स्वतः वाचतो आणि मग त्याच विषयात काम करणाऱ्या दोनतीन जाणत्यांकडे धाडतो. रोगी किती होते, ते कसे निवडले, औषध न घेणाऱ्यांशी त्यांची तुलना केली काय, आकडेमोड बरोबर आहे काय, ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांची संमती होती काय, औषध-कंपनीकडून लेखकाने पैसे घेतले आहेत काय, असे प्रश्न विचारले जातात. परीक्षकाचे नाव लेखकाला बहुधा कळत नाही आणि परीक्षकाला या श्रमाचा मोबदला बहुधा मिळत नाही. या कसोटीस उतरेल तेच छापावयाचे, असा हा धर्म आहे. आमचे म्हणणे असे की, हा धर्म आज उघड्या बाजारात विकला जात आहे. आणि तो विकणाऱ्यांइतकेच, तो विकत घेण्यास डॉक्टरांना भाग पाडणारेही दोषी आहेत.

हैदराबादेतील आमच्या वाचकांनी आपल्याच शहराच्या इतिहासातील दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पहिले चित्र 1897 सालचे. त्या वर्षीच्या 20 ऑगस्ट रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना हिवतापाच्या रोग्याचे रक्त प्यालेल्या डासाच्या पोटात त्या रोगाच्या जंतूची खूण सापडली. त्यांचा निबंध 18 डिसेंबर 1897 च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. पुढे 1902 साली ज्या कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्याची ही पायरी. पण निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी स्पष्ट केले होते की, पाहिले ते केवळ दोन डासांत. आपली निरीक्षणे त्यांनी स्मिथ नावाच्या सहव्यवसायी डॉक्टरास दाखविली व त्याची टीप निबंधासोबत छापली. काचपट्ट्या लंडनला गेल्या. तेथे पॅट्रिक मॅन्सन आणि इतर जाणत्यांनी त्या पाहिल्या आणि त्यांचे मतही तेथेच छापले गेले. दावा लहान, पुरावा उघडा आणि साक्षीदार जाणते, असा तो व्यवहार होता.

दुसरे चित्र त्याच शहरातील 'ओमिक्स' या कंपनीचे. 2007 साली उभ्या राहिलेल्या या कंपनीने शेकडो शास्त्रीय पत्रिका काढल्या. ऑगस्ट 2016 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर नेव्हाडातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला. तज्ज्ञ-परीक्षण होते असे सांगितले जाते, पण ते नाममात्र होते किंवा होतच नाही. संपादकमंडळावर अशा विद्वानांची नावे आहेत की ज्यांनी संमती दिलेली नाही. आणि निबंध स्वीकारल्यावर मग लेखकाला शेकडो-हजारो डॉलरांचे शुल्क कळविले जाते, अशा आशयाचे ते आरोप होते. कंपनीने ते नाकारले. मार्च 2019 मध्ये न्यायालयाने कंपनीविरुद्ध निकाल देऊन 5 कोटी 1 लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश केला, आणि 2020 साली अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. ज्या भूमीवर एका माणसाने दोन डासांची साक्ष जपून मांडली, तिच्यावरच सव्वाशे वर्षांच्या आत साक्षीवाचून निकाल विकण्याचा कारखाना निघावा, याची आम्हांस खंत वाटते.

हा दोष एकाच कंपनीचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. 2013 साली 'सायन्स' या पत्रिकेसाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक बनावट निबंध रचला. दगडफुलासारख्या शैवाकातून काढलेले द्रव्य कर्करोगाच्या पेशी मारते, असा त्याचा आशय होता. लेखकाचे नाव खोटे, संस्था खोटी, आणि प्रयोगात चुका इतक्या ढोबळ की खऱ्या परीक्षकाच्या नजरेतून त्या सुटू नयेत. हा निबंध त्याने लेखकाकडून शुल्क घेणाऱ्या 304 पत्रिकांकडे पाठविला. त्यांतील 157 पत्रिकांनी तो स्वीकारला. ज्या पत्रिकांकडे निबंध गेला त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातल्या होत्या. ही गोष्ट आपल्याकडे जितकी बोलली जावयास हवी होती तितकी बोलली गेली नाही.

असे का झाले? कायद्याच्या अभ्यासकाला याचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. स्वतःच्या दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे पहिले सूत्र. आता अशी कल्पना करा की, न्यायाधीशाचे वेतन पक्षकाराने द्यावयाचे, आणि तेही दावा त्याच्या बाजूने लागला तरच. असे न्यायालय कोणी न्यायालय म्हणेल काय? पण निबंध स्वीकारला तर शुल्क आणि नाकारला तर काही नाही, या पद्धतीवर चालणारी पत्रिका नेमकी अशीच बसविलेली असते. शुल्क घेणारी प्रत्येक पत्रिका अप्रामाणिक आहे असे आम्ही म्हणत नाही. बोहॅनन यांचा तोच निबंध 'प्लॉस वन' या शुल्क घेणाऱ्या पत्रिकेने काटेकोर तपासून नाकारला होता. संपादकाची खोली आणि पेढी यांच्यामध्ये भिंत बांधणारे लोक आहेत. परंतु भिंत बांधणाऱ्याच्या सज्जनपणावर सारी व्यवस्था उभी करणे हे शहाणपणाचे नव्हे. मोहाची जागाच ठेवू नये, म्हणूनच आपण देवस्थानचे हिशेब दरवर्षी महाजनांच्या सभेपुढे ठेवावयास लावतो. खजिनदारावर संशय आहे म्हणून नव्हे.

आणि या दुकानांना गिऱ्हाईक कोण पुरवितो? वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकाच्या बढतीसाठी छापील निबंधांची संख्या मोजण्याचा नियम आपणच रूढ केला. जो शल्यचिकित्सक दिवसभर शस्त्रक्रियागृहात उभा असतो आणि रात्री विद्यार्थ्यांना शिकवितो, त्याला 'निबंध किती?' असे विचारले जाते, 'निबंधात काय?' असे कोणी विचारीत नाही. संख्येची मागणी केली की संख्या पुरविणारे निघतातच. विद्यापीठ अनुदान आयोगाला मे 2018 मध्ये आपल्या मान्य यादीतून 4,305 पत्रिका काढून टाकाव्या लागल्या. त्या मुळात यादीत शिरल्या कशा, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

यावर कोणी म्हणेल की, बड्या पत्रिकांचे परीक्षण तरी कोठे निर्दोष आहे? आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही टाळीत नाही. फेब्रुवारी 1998 मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'ने अँड्र्यू वेकफील्ड यांचा बारा मुलांवरील निबंध छापला आणि गोवराच्या संयुक्त लशीविषयी साऱ्या जगात भय पसरले. लसउत्पादकांविरुद्ध दावे उभे करणाऱ्या वकिलाकडून लेखकास पैसे मिळत होते, हे पुढे उघड झाले. आमच्या व्यवसायास हे भूषणावह नाही. तो निबंध मागे घेण्यास 'लॅन्सेट'ला फेब्रुवारी 2010 उजाडावे लागले. मधल्या काळात ब्रिटनमध्ये लस टोचून घेण्याचे प्रमाण घसरले आणि गोवराने पुन्हा डोके वर काढले. 2020 च्या साथीत त्याच पत्रिकेने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरील एक निबंध 22 मे रोजी प्रसिद्ध केला. त्यातील रोग्यांची माहिती तपासू देण्यास ती पुरविणारी कंपनी तयार होईना, तेव्हा दोन आठवड्यांच्या आत तो मागे घ्यावा लागला.

म्हणजे कसोटी चुकते, यात वाद नाही. पण न्यायाधीशही चुकतो, म्हणून आपण न्यायालये मोडीत काढतो काय? आपण अपील ठेवतो. निबंध मागे घेणे हे संशोधनपत्रिकेचे अपील होय. बारा वर्षे लागली ही लाज. दोन आठवडे लागले ही सुधारणा. जेथे मुळात विचारच झाला नाही तेथे फेरविचार कसला होणार? दुकानाला चूक कबूल करण्याचे कारण नसते. माल विकला गेलेला असतो.

या साऱ्याचा आपल्या घराशी काय संबंध, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी माकडतापाकडे पाहावे. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात हा रोग प्रथम ओळखला गेला. 2015 मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गाकडे पसरलेला दिसला. काजूच्या बागांत राबणारे मजूर त्याला बळी पडले, आणि त्यांत बेळगाव जिल्ह्यातून हंगामासाठी आलेलेही होते. गोचिडीपासून होणारा हा ताप पश्चिम घाटाच्या गरिबांचा रोग आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या पत्रिकांना त्याचे अगत्य असण्याचे कारण नाही. त्यावरील लस कर्नाटकात दिली जात असे. दोन मात्रांनी सुमारे 93 टक्के संरक्षण मिळते, असे 1994 साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये प्रसिद्ध झाले होते. पुढे 2005 ते 2010 या वर्षांची माहिती तपासून 2013 साली दुसऱ्या एका परीक्षित पत्रिकेत नवा निबंध आला : दोन मात्रांनी सुमारे 62 टक्के, आणि वर बूस्टर घेतल्यास सुमारे 83 टक्के. हा अप्रिय आकडा छापणारी पत्रिका नसती, तर रानात जाणारा मजूर 93 टक्क्यांच्या भरवशावर गेला असता. खऱ्या पत्रिकेची किंमत ही आहे. ती पैशांत मोजता येत नाही, पण ती चालविण्यास पैसे लागतात.

ते कोणी द्यावेत? आपल्या देशाला ही परंपरा अपरिचित नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, तद्विद्यसंभाषेचा विचार आहे : त्याच विद्येचे जाणकार एकत्र बसून वाद करतात आणि ज्ञान शुद्ध होते. तेव्हा परीक्षण आम्हीच शोधून काढले, अशी फुशारकी मात्र कोणी मारू नये. पूर्वजांनी सभा भरविली, एवढ्याने आपली सभा भरत नाही. आपल्या काळातही सचोटीची कामे झाली आहेत. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' 1913 पासून चालू आहे. 1988 साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया' निघाले. 1993 साली मुंबईत काही डॉक्टरांनी वैद्यकीय नीतीची एक लहान पत्रिका काढली. तीच आजचे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स', आणि ते लेखकांकडून शुल्क घेत नाही. संपादकांनी एकजूट केली तर काय होते, याचाही दाखला आहे. औषधाची चाचणी आरंभीच सार्वजनिक नोंदवहीत नोंदविली नसेल तर तिचा निबंध छापणार नाही, असे प्रमुख पत्रिकांच्या संपादकांनी 2004 साली ठरविले. भारतात 2007 मध्ये अशी नोंदवही उघडली आणि 2009 पासून औषधांच्या चाचण्यांसाठी ती नोंद सक्तीची झाली. नको असलेले निष्कर्ष गुपचूप दडपण्याच्या मार्गात त्यामुळे मोठा अडसर आला.

आता केंद्र सरकारने 2025 पासून तीन वर्षांसाठी, जगातील तीस मोठ्या प्रकाशकांच्या पत्रिका आपल्या विद्यार्थ्यांना व संशोधकांना वाचता याव्यात म्हणून, 6,000 कोटी रुपयांची योजना केली आहे. वाचनाला आमचा विरोध नाही. पण याचा शंभरावा भाग म्हणजे 60 कोटी. तेवढे जर आपल्या देशातील सचोटीच्या वैद्यकीय पत्रिकांच्या पदरी पडले, तर लेखकाकडून एक रुपया न घेता त्यांतील कित्येक चालतील. दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी विकत घेणाऱ्याने आपली विहीर बुजू देऊ नये.

आमच्या मागण्या तीन आहेत. बढतीसाठी निबंधांची मोजदाद बंद करावी. एकच निबंध घ्यावा, पण तो निवडसमितीने वाचावा. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी स्वीकृतीवर शुल्क आकारणाऱ्या पत्रिकांना आश्रय देण्यापूर्वी तेथे भिंत आहे की नाही हे तपासावे. आणि तिसरी मागणी आमच्या वाचकांकडे आहे. आपली देवस्थाने आणि धर्मादाय न्यास रुग्णवाहिका देतात, दवाखान्यांना खाटा देतात, त्यांवर दात्याचे नाव कोरले जाते. एखाद्या न्यासाने आपल्या प्रदेशातील रोगांवरच्या एका परीक्षित पत्रिकेसाठी निधी ठेवावा. पण न्यासपत्रात प्रथम कलम हे घालावे की, काय छापावे आणि काय नाकारावे यात दात्याला, त्याच्या वारसांना वा विश्वस्तांना कोणताही अधिकार राहणार नाही. त्या खाटेवर दात्याचे नाव दिसते. या निधीवर दिसणार नाही. ज्याला एवढे सोसवत नाही त्याने दान करू नये, जाहिरात द्यावी.