सुरतेतले चार हात

सुरत म्हटलं की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक शिवाजी महाराजांची स्वारी आणि दुसरी 1907 सालच्या काँग्रेसमधला जोडा. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर आदळलेला तो दख्खनी जोडा कुणाचा आणि कुणासाठी होता, यावर आजवर भरपूर शाई सांडली आहे. माझं लक्ष मात्र त्या व्यासपीठावरच्या हातांकडे जातं.

27 डिसेंबरचा दिवस. अध्यक्ष निवडीवर उपसूचना मांडण्यासाठी टिळकांनी आधीच चिठ्ठी पाठवली होती, तिची दखल कुणी घेतली नाही. तेव्हा ते थेट व्यासपीठावर चढले. नियोजित अध्यक्ष रासबिहारी घोष यांनी त्यांना नियमबाह्य ठरवलं. टिळक श्रोत्यांकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभे राहिले आणि जागचे हलेनात. आजूबाजूला तरुण मवाळ मुठी आवळून ओरडत होते. तेवढ्यात मवाळांचेच नेते गोखले पुढे सरसावले आणि टिळकांवर कुणी धावून येऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरले. हे लिहून ठेवलं हेन्री नेविन्सन या इंग्रज पत्रकाराने. त्याला ना पुण्याच्या भांडणांशी देणंघेणं होतं, ना टिळकांच्या केसरीशी.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हाताची घडी म्हणजे घाबरलेलं, बंद मन असं शिकवतात. आपल्या मराठी शाळेत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणजे आज्ञापालन. सुरतेत तीच घडी उघड बंड होती. म्हणजे अर्थ घडीत नसतो, घालणारा कोण आणि समोर कोण यावर तो ठरतो. याच शिबिरांत आणखी एक आकडा फेकतात: संवादाचा 55 टक्के भाग देहबोलीचा. तो अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 सालच्या प्रयोगांतून उचललेला आहे. ते प्रयोग सुटे शब्द, आवाज आणि चेहऱ्यांची छायाचित्रं घेऊन केवळ आवडनिवड ओळखण्यापुरते होते. सगळ्या बोलण्याला हा आकडा लावू नका, असं खुद्द मेहराबियन सांगत आले.

शिवाय त्या दिवशी मांडवात कुणाचंच मन वळलं नाही. खुर्च्या फेकल्या गेल्या, काठ्या चालल्या आणि शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला. पटलं ते फक्त त्या परक्या पाहुण्याला. टिळकांचा निश्चय आणि गोखल्यांचा मोठेपणा या दोन्हींची त्याला खात्री पटली. टिळकांची घडी विचारपूर्वक घातलेली असावी. गोखल्यांना विचार करायला सवडच नव्हती, आणि राजकारणात ज्याच्याशी उभा दावा त्याच्यासाठी ते हात पसरले गेले. हे कुठल्याही शिबिरात शिकवता येत नाही. मला विचाराल तर सुरतेतली मोठी खूण तीच, आणि आपण मात्र जोडा लक्षात ठेवला.

19 फेब्रुवारी 1915 रोजी गोखले गेले. त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी गौरवाने बोलणाऱ्यांत टिळक होते. सुरतेत मवाळ आणि जहाल अशी फुटलेली काँग्रेस त्यानंतर 1916 साली लखनौला जुळली.